फक्त प्रयोगशाळेसाठी

प्रिय ताई,

तू माझा फोन उचलत नाहीस याला आज आठ दिवस झाले. भावजी उचलतात, "ती कामात आहे" म्हणतात, आणि मागून तुझा आवाज येतो, "सांगा, मी घरात नाहीये." म्हणून हे पत्र. फोन कापता येतो. पत्र फार तर फाडता येतं, आणि तू काही कागद फाडणारी नाहीस. तू कापडाच्या उरलेल्या चिंधीचीसुद्धा घडी घालून ठेवतेस. भावजी उद्या अस्तर आणि बटणं घ्यायला इकडे येताहेत, त्यांच्याच हाती पाकीट देते आहे. त्यांनी वाटेत उघडू नये म्हणून डिंकावर वरून टेपही लावली आहे. त्यांना म्हणावं, अविश्वास नाही, अनुभव आहे.

आधी मुद्द्याचं. बाबांच्या उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढायला हवं. सर्जननी हे सांगून दहा दिवस झाले. त्यांनी चौदा दिवसांची मुदत दिली होती, म्हणजे उरले चार. संसर्ग हाडात उतरला आहे. तो वर सरकला तर प्रश्न दोन बोटांचा राहणार नाही, पाऊल जाईल. बाबा मात्र "थोडं थांबू" म्हणतात आणि कटिंगच्या टेबलावर वाकून कामाला लागतात. तुझं म्हणणं, मी मनात आणलं असतं तर कापाकापीची वेळच आली नसती. आपलं भांडण एवढंच आहे. बाकी जे काही तू त्या रविवारी दारात उभं राहून बोललीस ते मी भांडणात धरत नाही.

पण विसरलेही नाही. "फ्रीज भरून औषध आहे तुझ्याकडे आणि बापाला बोटभर देववत नाही. महिन्यातून एकदा यायचं, उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि जायचं. रक्त आहे की बर्फ आहे गं तुझ्या अंगात?" शेजारच्या जिन्यावरची दोन माणसं थांबून ऐकत होती. मी एवढंच म्हटलं, "नियम आहे." तू म्हणालीस, "घाल तो नियम फ्रीजमध्ये." दार लागलं. खरं सांगू, उत्तर म्हणून तुझंच चांगलं होतं. नियम आहे हे खोटं नव्हतं, पण ते पूर्ण खरंही नव्हतं. आणि अर्धवट खरं बोलण्याची मला सवय आहे हे तुला लहानपणापासून माहीत आहे; म्हणूनच तू एवढी चिडलीस असं मला वाटतं.

या सगळ्याची सुरुवात माझ्या एका चुकीने झाली. पाच महिन्यांपूर्वी मी घरच्या ग्रुपवर आमच्या प्रयोगशाळेतला एक फोटो टाकला होता. गोल ताटलीत पिवळसर जेली, तिच्यावर जिवाणूंची साय धरलेली, आणि मधोमध, जिवाणू मेले होते तिथे, नाण्याएवढं स्वच्छ वर्तुळ. खाली मी लिहिलं, "चौदावी बॅच. चालते." मी ग्रुपवर कधी काही टाकत नाही. त्या दिवशी टाकलं, कारण आधीच्या तेरा बॅच वाया गेल्या होत्या आणि मला कुणाला तरी दाखवायचं होतं. पुढचं तू पाहिलंसच. भावजींनी तो फोटो जगभर धाडला, "आमच्या मेहुणीने बेडकापासून औषध काढलं." बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवला. एका बाईंनी म्हणे ब्लाउजच्या मापाबरोबर स्वतःच्या खाजेबद्दलही विचारून घेतलं.

त्या ताटलीच्या कडेला मार्करने दोन अक्षरं लिहिलेली होती. आमच्यातल्या कुणीही ती पाहिली असती तर त्याला लगेच कळलं असतं की ही जेली अळणी आहे, हिच्यात मीठ जवळजवळ नाही. या जातीच्या पेप्टाइडांना, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या साखळ्यांना, मिठाचं वावडं असतं. मीठ आलं की ती लुळी पडतात. म्हणून पहिली परीक्षा आम्ही मुद्दाम सोपी घेतो, पोहायला शिकणाऱ्याला आधी गुडघाभर पाण्यात उभं करतात तशी. जिवंत माणसात मीठ असतंच, रक्तात असतं आणि जखमेतून झिरपणाऱ्या पाण्यातही असतं. आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की वेगळं सांगायचं सुचत नाही. मी दोन अक्षरं लिहिली आणि सगळं सांगितलं असं समजले. तुम्हाला फक्त वर्तुळ दिसलं. दिसणारच. मला स्वतःलाही त्या दिवशी वर्तुळच दिसत होतं.

ही वस्तू नेमकी काय आहे ते एकदा नीट लिहिते. चार वर्षांत मी कधी सांगितलं नाही आणि तू कधी विचारलं नाहीस. आपल्या दोघींची कामाची वाटणीच तशी आहे. सव्वीस कड्यांची एक साखळी आहे, मुळात एका बेडकाच्या कातडीत सापडलेली. जिवाणूच्या अंगावरचं पातळ आवरण ती फोडते आणि जिवाणू फुग्यासारखा खलास होतो. एवढ्यासाठी बेडकांच्या मागे कोण धावणार? म्हणून त्या साखळीचा नकाशा आम्ही जिवाणूंच्याच आत घालतो आणि त्यांच्याकडूनच ती बनवून घेतो. गंमत अशी की जे बनवायचं तेच बनवणाऱ्याला मारणारं. पहिल्या तेरा बॅच त्यातच गेल्या. कारागीर काम पुरं होण्याआधीच मरायचे. मग आम्ही साखळीला दुसऱ्या एका मोठ्या प्रथिनाचं म्यान चढवलं. म्यानातली तलवार कुणाला कापत नाही. जिवाणू वाढले, भरपूर माल झाला, मग त्यांना फोडून, गाळून, सगळ्यात शेवटी म्यान कापून काढायचं. उरते ती चिमूटभर पांढरी भुकटी. ती नखाएवढ्या बाटल्यांमध्ये भरतात. प्रत्येक बाटलीत एक मिलिग्रॅम, आणि प्रत्येकीवर छापलेलं, "फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी." दुसऱ्या प्रयोगशाळांतली माझ्यासारखी माणसं ती मागवतात आणि आपापल्या ताटल्यांमध्ये टाकून बघतात. आमचं गिऱ्हाईक आजारी माणूस नाही, ताटली आहे.

आता जे सांगितलं नव्हतं ते. त्या रविवारी मी रिकाम्या हाताने आले नव्हते.

सर्जनचं म्हणणं तू शुक्रवारी फोनवर सांगितलंस. तू रडत होतीस आणि मी तुला विचारत होते की एक्स-रे कोणत्या तारखेचा आहे. शनिवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी फ्रीजरमधून चौदाव्या बॅचची एक बाटली काढली. रजिस्टरात लिहिलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. घरून आणलेल्या थर्मासमध्ये बर्फ भरला, बाटली रुमालात गुंडाळून त्यात ठेवली, आणि रविवारच्या सकाळच्या गाडीत तो थर्मास मांडीवर धरून बसले. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "चहा वाटतं?" मी हो म्हटलं. वाटेत हिशेबही केला होता: जखम तीन सेंटिमीटर बाय दोन, भुकटी दोन मिलिलिटर पाण्यात विरघळवायची, गॉजवर थेंबाथेंबाने सोडायची. सगळं ठरलं होतं.

तू आत पाणी उकळायला गेलीस तेव्हा बाबांनी इस्त्रीच्या स्टुलावर पाय ठेवला. मी पट्टी सोडली. तुझ्या हातची पट्टी होती, टोकं आत दुमडलेली, जशी तू कॉलर दुमडतेस. जखम पाहिली. सात आठवड्यांपूर्वी एक टाचणी चपलेच्या तळातून आत गेली आणि या माणसाला दोन दिवस पत्ता लागला नाही. साखरेने पायाची जाणीवच घालवली आहे. चाळीस वर्षं टाचण्या तोंडात धरून बोलणाऱ्याला एका टाचणीने असं गाठावं. बाबा म्हणाले, "काय गं, आणलंयस काही?" मी पिशवीत हात घातला. थर्मासचं झाकण बोटांना लागलं.

मी थांबले ते नियम आठवला म्हणून नाही, ताई, आणि भीती वाटली म्हणूनही नाही. आमच्याकडे कुठलीही गोष्ट करून बघायची तर दोन ताटल्या घेतात. एकीत औषध टाकायचं, दुसरीत फक्त पाणी. दुसरी नसेल तर पहिलीत जे झालं ते कशामुळे झालं ते कळत नाही. पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात आणि नंतर हात आपोआप दुसऱ्या ताटलीकडे जातो. माझा हात झाकणावर होता आणि मी सवयीने दुसरी ताटली शोधत होते. बाबांना दुसरा उजवा पाय नाही. मी म्हटलं, "नाही बाबा, काही आणलं नाही." ते म्हणाले, "हरकत नाही." तू उकळलेलं पाणी घेऊन आलीस. नंतर दारात तुझं बोलणं झालं, आणि तू बोलत होतीस तेव्हा थर्मास माझ्या खांद्यावर होता. तू मला बर्फ म्हणालीस. बर्फ होताच.

परत येताना मला पूर्ण खात्री होती असं समजू नकोस. तुझं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता होती. कदाचित मी ते लावलं असतं तर जखम भरली असती. मला माहीत नव्हतं. आणि माहीत नसणं ही एकच गोष्ट मला सहन होत नाही. सोमवारी सकाळी मी आमच्या विभागाच्या मॅडमच्या टेबलावर ती बाटली ठेवली आणि काय केलं ते सांगितलं. मॅडम फार बोलत नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "लावलंस?" मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "मग आता ते कर, जे लावायच्या आधी करायचं असतं." मग तितक्याच शांतपणे त्यांनी मला लेखी समज दिली. तीन महिने मला फ्रीजर एकटीने उघडायचा नाही. स्टोअरवाले काका किल्ली घेऊन येतात, मी बाटली काढेपर्यंत शेजारी उभे राहतात आणि शीळ घालतात. शीळ बेसूर आहे. शिक्षा म्हणून पुरेशी आहे.

मी पाच दिवस काम केलं. आरोग्य खोलीतल्या नर्सकडून स्वतःचं रक्त काढून घेतलं. मॅडमनी त्यासाठीच्या परवानगीच्या कागदावर सही केली. पहिल्यांदा जेलीत मीठ घातलं, माणसाच्या शरीरात असतं तेवढं, आणि रक्तातलं पातळ पाणीही. अळणी जेलीत जे काम आठ मात्रांत होत होतं त्याला आता एकशे अठ्ठावीस लागल्या. सोळा पट. ठीक आहे, म्हटलं, सोळा पट देऊ. मग दुसरी परीक्षा. रक्ताच्या लाल पेशी धुऊन एका नळीत घ्यायच्या, त्यात तेवढं पेप्टाइड घालायचं, तासभर ठेवायचं आणि मग नळी गरागरा फिरवायची. पेशी शाबूत असतील तर तळाशी लाल बटणासारख्या बसतात आणि वरचं पाणी स्वच्छ राहतं. शेजारच्या नळीत, जिच्यात फक्त पाणी आणि मीठ होतं, तसंच झालं. पेप्टाइडच्या नळीत वरचं पाणी लाल झालं होतं. स्वच्छ, सुंदर लाल, काचेच्या बांगडीसारखं. शंभरातल्या एक्केचाळीस पेशी फुटल्या होत्या. मी पुन्हा केलं, एकोणचाळीस. पुन्हा केलं, बेचाळीस. जिवाणूचं आवरण फोडणारी वस्तू आपल्या पेशींचं आवरणही फोडते. तिला आपला-परका कळत नाही.

शिवाय त्या भुकटीत तिला बनवणाऱ्या जिवाणूंचे अवशेष असतात. ताटलीला त्याचं काही नसतं. उघड्या जखमेतून ते रक्तात गेले तर माणसाला हुडहुडी भरून ताप चढतो. म्हणजे ज्या रक्ताच्या भरवशावर ती जखम भरायची त्याच्याच पेशी आपण फोडल्या असत्या, वर ताप दिला असता, आणि ते सगळं त्रेसष्ट वर्षांच्या, साखर असलेल्या माणसाला. आगीतून फुफाट्यात. तुझ्या हाताने केलेल्या पट्टीखाली, माझ्या हाताने. आता मला माहीत आहे. तुझं म्हणणं चुकीचं होतं, ताई, आणि त्या रविवारी मी थांबले ते बरोबर होतं. हे मी जिंकल्यासारखं लिहीत नाही. तीन वेळा मोजलेलं आहे म्हणून लिहिते आहे.

माझी कीव मात्र करू नकोस. पेप्टाइड नापास झालेलं नाही. ते अजून शाळेतच आहे. आता त्यातल्या दोन कड्या बदलून बघायच्या आहेत. जिवाणूचं आवरण आणि आपल्या पेशीचं आवरण यांत थोडा फरक असतो, तो ओळखायला साखळीला शिकवता येईल असा माझा अंदाज आहे. मॅडमचाही आहे, फक्त त्या बोलून दाखवत नाहीत. पंधरावी बॅच पुढच्या महिन्यात. औषध व्हायला दहा वर्षं लागतील, किंवा कधीच होणार नाही आणि त्यातून दुसऱ्या कुणाला तरी वाट सापडेल. मला दोन्ही चालतं. हे काम मला येतं.

तुला तो वकील आठवतो का? तू काज करायला शिकत होतीस तेव्हाचा, म्हणजे मी सहा-सात वर्षांची असेन. कोट ट्रायलला आला होता, पांढऱ्या दोऱ्याची कच्ची शिलाई, एक बाही नुसती टाचलेली. त्याला आरशात तो इतका आवडला की म्हणाला, असाच घालून जातो, दुपारी महत्त्वाची केस आहे. बाबांनी सरळ त्याच्या अंगावरून कोट उतरवून घेतला. म्हणाले, "साहेब, हात वर करून बोलायला लागलात की बाही हातात येईल. माझी लाज जाईल ती जाईल, तुमची केस पण जाईल." वकील तणतणत गेला आणि पुन्हा कधी आला नाही. मी विचारलं होतं, का नाही दिलात, दिसत तर छान होता. तू टाचण्या गोळा करता करता वर न बघता म्हणालीस, "दिसणं वेगळं आणि टिकणं वेगळं, गप्प बस." तुला आठवत नसेल. माझ्या ताटलीतलं वर्तुळ म्हणजे आरशातला तो कोट. बाबांना समजावताना हे सांग; जेलीतलं मीठ सांगत बसू नकोस.

सर्जनना मी गुरुवारी फोन केला होता. माझे अकरा प्रश्न होते. सातव्याला त्यांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?" मी म्हटलं, "नाही, शिंप्याची मुलगी." त्यावर ते हसले आणि उरलेल्या चारांची उत्तरं नीट दिली. अंगठा राहतो, शेजारची दोन बोटं राहतात, चवडा आणि टाच शाबूत. पायडल चवड्याने आणि टाचेने मारतात, करंगळीने नाही. टाके भरले की दीड-दोन महिन्यांत बाबा मशीनवर बसतील, सुरुवातीला रोज अर्धा तास. तोवर मोटर लावून देता येईल. तिच्याबद्दल त्यांचं मत तुला ठाऊक आहे, मोटर लावली की शिंपी मशीनचा नोकर होतो वगैरे. दोन महिने होऊ देत नोकर. चालताना पहिले काही दिवस उजवीकडे तोल जाईल, त्यासाठी बुटात घालायची गादी मिळते. मी मापं घेऊन ठेवली आहेत. पायाची जाणीव परत येणार नाही. म्हणून यापुढे दुकानात चप्पल बंद, जाड तळाचा बूट, आणि रोज संध्याकाळी तळपाय आरशात बघायचा. टाचण्या उचलायला लोहचुंबक मी आणते. शुक्रवारी सकाळी नऊची वेळ मी घेऊन ठेवली आहे. फक्त बाबांची सही हवी.

आणि ती सही का होत नाही हे तुला वाटतं तसं नाही. तू भावजींना म्हणालीस की बाबा सुरीला भ्यायले आहेत. परवा शनिवारी, तिसरा आकडा हातात आल्यावर, मी दुकानाच्या फोनवर बाबांना फोन केला, माझं औषध येणार नाही, वाट बघू नका, एवढं सांगायला. मी तोंड उघडायच्या आधीच ते हळू आवाजात म्हणाले, "घाई करू नकोस. सर्जनला मी थांबवून ठेवलंय. नव्या कटिंगच्या कपड्याला पहिलं अंग लागतंच कुणाचं तरी. तुझ्या औषधाला पहिला पाय माझा. परक्यावर कशाला करून बघायचं? बिघडलंच तर घरातल्या घरात राहील, तुझ्या नावाला काही लागणार नाही." ताई, ते भ्यायलेले नाहीत. ते पाय माझ्यासाठी राखून ठेवताहेत. माझ्यासमोर कागदावर तीन आकडे होते, एक्केचाळीस, एकोणचाळीस, बेचाळीस, आणि मी म्हटलं, "बरं, बाबा." माझ्या आयुष्यात मी इतकं चुकीचं उत्तर कुणाला दिलेलं नाही. त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही, आणि समोर बसूनही जमणार नाही, हे मला आता माहीत आहे. तुला जमतं. तू त्यांना रोज दहा वेळा नाही म्हणतेस आणि ते ऐकतात. म्हणून हे पत्र त्यांना वाचून दाखव, सगळं, थर्माससकट. ते म्हणतील, धाकटीला वाईट वाटेल. सांग, नाही वाटणार. मी शुक्रवारी आठच्या आत पोहोचते. पण सहीसाठी पेन त्यांच्या हातात तू दे. माझ्या हातून घेतलं तर तीही ते माझ्यासाठीच करतील, आणि ही त्यांनी स्वतःच्या पायासाठी करायला हवी.

तू बोलत नसलीस तरी तुझीच,
धाकटी